कमरेचे पिस्तूल आणि पोलिसाची नजर

2010 सालच्या जून महिन्यातली एक संध्याकाळ. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो शहरातले एक गृहस्थ बायको, मुलगी, नातू आणि कुत्रा असा सगळा लवाजमा घेऊन आपल्याच वस्तीत फिरायला निघाले होते. त्यांच्या कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल होते, कुणालाही दिसेल असे. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारसायकलस्वाराने गाडी थांबवली आणि असे पिस्तूल घेऊन फिरता येत नाही, असे त्यांना सुनावले. शब्दाला शब्द वाढला. त्याने 911 हा तातडीच्या मदतीचा क्रमांक फिरवला. आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने पिस्तूल काढून घेतले, गृहस्थांना बेड्या घातल्या आणि जवळजवळ अर्धा तास पोलीस गाडीत बसवून ठेवले. ओहायोत उघडपणे पिस्तूल बाळगणे तेव्हाही कायदेशीर होते. प्रकरण न्यायालयात गेले. 2015 मध्ये सहाव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की, कायद्याने मान्य केलेली गोष्ट माणूस करत असेल, तर केवळ तेवढ्यावरून त्याला अडवून ठेवता येत नाही.

निकाल वाचायला सरळ आहे. पण त्या संध्याकाळी गाडीतून उतरणाऱ्या पोलिसाला समोरचा माणूस कोण आहे हे ठाऊक नव्हते. त्याला एवढेच कळले होते की एकाच्या कमरेला पिस्तूल आहे आणि दुसरा घाबरला आहे. अमेरिकेत नागरिकांच्या हाती सुमारे 39 कोटी बंदुका असल्याचा ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. पोलीस यंत्रणाही एक नाही. शहरांचे पोलीस, परगण्यांचे शेरीफ, विद्यापीठांचे आणि राज्यांचे पोलीस मिळून जवळपास 18 हजार स्वतंत्र दले आहेत. उघड बंदूक घेतलेल्या माणसाशी कसे वागायचे, या प्रश्नाला या देशात एक उत्तर नाही. ही उत्तरे कशी घडत गेली, कुठे चुकली आणि त्यातून काय शिकता येते, याचा हा आढावा.

शस्त्रे जमा करा, मग गावात या

उघड बंदुकीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे काउबॉयचे सिनेमे येतात. खरा इतिहास वेगळा होता. ॲरिझोनातल्या टूमस्टोन या खाणगावाने 1881 साली वटहुकूम क्रमांक 9 काढून गावात शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई केली होती. गावात येणाऱ्याने आपली बंदूक जमा करायची आणि जाताना परत घ्यायची. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला ‘ओके कोरल’ची प्रसिद्ध चकमक झाली. तीत अर्ध्या मिनिटात तीन माणसे मारली गेली. तिची सुरुवात गावचा पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प काही जणांकडची शस्त्रे काढून घ्यायला गेला, तिथून झाली. म्हणजे स्थानिक पोलीस आणि उघड बंदूक यांचा झगडा जुना आहे, आणि त्या काळी अनेक गावांमध्ये कायदा पोलिसाच्या बाजूने होता.

दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र एकोणिसाव्या शतकातली समजूत उलटी होती. ज्याला काही लपवायचे नाही तो शस्त्र उघड बाळगतो आणि कपड्यांत दडवतो तो दगाबाज, असे मानले जाई. कित्येक राज्यांनी लपवून बाळगण्यावर बंदी घातली आणि उघड बाळगणे मोकळे ठेवले. पण ही मोकळीक सर्वांसाठी नव्हती. यादवी युद्ध संपताच 1865 साली मिसिसिपीने कायदा करून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शस्त्र बाळगण्यावर बंधने आणली. बंदूक कुणाच्या हातात आहे, यावर तिची कायदेशीरता ठरण्याची ही सवय पुढे शंभर वर्षे टिकली.

त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कॅलिफोर्नियात सापडतो. 1960 च्या दशकात तिथे भरलेली बंदूक उघडपणे बाळगणे कायद्याला धरून होते. ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केलेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाने याच कायद्याचा आधार घेतला. पोलिसांनी एखाद्या कृष्णवर्णीयाला अडवले की पँथर कार्यकर्ते बंदुका घेऊन, कायद्याने ठरवलेले अंतर राखून उभे राहत आणि पोलीस काय करतात ते पाहत. पोलिसांवर नागरिकांनी घातलेली ही गस्त होती. आमदार डॉन मलफर्ड यांनी त्यावर बंदीचे विधेयक आणले. त्याचा निषेध करायला 2 मे 1967 रोजी सुमारे 30 कार्यकर्ते बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधान भवनात शिरले. देशभर छायाचित्रे झळकली आणि जुलै महिन्यात राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी कायद्यावर सही केली. आज बंदुकीच्या हक्काचा झेंडा ज्या रिपब्लिकन पक्षाच्या हाती दिसतो, त्याच पक्षाच्या आमदाराने तो कायदा मांडला होता आणि त्याच पक्षाच्या राज्यपालाने तो मंजूर केला होता.

न्यायालयांनी आखलेली रेघ

पोलिसाने कुणाला अडवावे याची मूळ चौकट 1968 सालच्या ‘टेरी विरुद्ध ओहायो’ या खटल्याने घातली. क्लीव्हलंडमधल्या एका अनुभवी पोलीस गुप्तहेराने दुकानाभोवती पुन्हा पुन्हा घुटमळणाऱ्या माणसांना हटकले, वरवर चाचपून झडती घेतली आणि पिस्तुले निघाली. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, पण दोन अटी सांगितल्या. अडवायचे तर गुन्ह्याचा वाजवी संशय हवा, आणि झडती घ्यायची तर माणूस सशस्त्र आणि धोकादायक आहे असे मानायला कारण हवे. संशयाला बोट ठेवता येईल असा आधार लागतो, नुसती अंतःप्रेरणा पुरत नाही.

पुढे 2000 साली मायामीच्या एका बसथांब्यावरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निनावी फोन आला होता की चौकड्यांचा शर्ट घातलेल्या मुलाकडे पिस्तूल आहे. पोलिसांनी झडती घेतली आणि पिस्तूल खरेच सापडले. तरीही न्यायालयाने एकमताने ती झडती बेकायदा ठरवली. माहिती बंदुकीबद्दल आहे, एवढ्यावरून नेहमीचे निकष सैल होत नाहीत, असे त्यांनी बजावले.

या दोन निकालांवर बाकीची न्यायालये उभी राहिली. उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट शहरातल्या प्रकरणात चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले की, ज्या राज्यात उघड बंदूक चालते तिथे ती दिसणे हे एकटे कारण कुणाला रोखून धरायला पुरेसे नाही. टोलेडोचा निकाल याच वाटेने गेला.

पण याच सहाव्या विभागाने टोलेडोच्या तीन वर्षे आधी, 2012 मध्ये, वेगळ्या घटनेत पोलिसांची बाजू घेतली होती. टेनेसीतल्या एका राज्य उद्यानात एक माणूस लष्करी छापाचे कपडे घालून, एके-47 सारखे दिसणारे मोठे पिस्तूल गळ्यात अडकवून फिरत होता. पिस्तुलाचे टोक त्याने खेळण्यासारखे केशरी रंगवले होते. वनरक्षकाने त्याला अडीच तास रोखून ठेवले, आणि न्यायालयाने ते वाजवी ठरवले. त्याने कायदा मोडलेला नव्हता. मात्र जागा, कपडे, शस्त्राचा आकार आणि ते रंगवलेले टोक, यांची गोळाबेरीज संशयाला पुरेशी झाली.

चौथ्या विभागाने 2017 मध्ये आणखी एक पायरी जोडली. वाहतुकीच्या गुन्ह्यासारख्या कारणावरून माणूस कायदेशीरपणे थांबवला गेला असेल आणि त्याच्याकडे बंदूक असल्याचा आधार असेल, तर परवाना असो वा नसो, तो धोकादायक मानून झडती घेता येते. म्हणजे बंदूक आहे म्हणून थांबवता येत नाही, पण सीटबेल्ट लावला नाही म्हणून थांबवले की बंदूक आहे म्हणून चाचपता येते. रस्त्यावरच्या पोलिसाला हा फरक सेकंदाच्या आत करायचा असतो.

त्यातच 2022 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रूएन’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क आहे. न्यूयॉर्कची शंभर वर्षांहून जुनी, खास कारण मागणारी परवाना पद्धत कोसळली. 2024 पर्यंत 29 राज्यांनी परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्यास मोकळीक दिली. परवाना होता तोवर पोलिसाच्या हाती एक कागद होता. तो दाखवला की माणसाची किमान पडताळणी झालेली आहे, हे कळायचे. आता अनेक राज्यांत तो कागदच उरला नाही.

तीन तऱ्हेचे पोलीस

स्थानिक पोलिसांच्या प्रतिसादात ढोबळ तीन तऱ्हा दिसतात. पहिली, आधी शस्त्र काढा, मग विचारा. 2009 च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनचे महाधिवक्ता जे. बी. व्हॅन हॉलन यांनी मत दिले की, उघड बंदूक बाळगणे एवढ्यावरून शांतताभंगाचा गुन्हा होत नाही. मिलवॉकीचे पोलीसप्रमुख एडवर्ड फ्लिन यांनी लगेच जाहीर केले की, आपले शिपाई शहरात बंदूक दिसली तर माणसाला आधी जमिनीवर पाडतील, शस्त्र काढून घेतील आणि त्याला तसा हक्क आहे का हे नंतर पाहतील. मिलवॉकीतल्या हत्यांच्या पार्श्वभूमीवर त्यांची चिंता खोटी नव्हती. पण राज्याचा सर्वोच्च कायदा सल्लागार एक सांगतो आणि शहराचा पोलीसप्रमुख दुसरे करतो, तेव्हा नागरिकाने कुणाचे ऐकायचे? शेवटी 2011 मध्ये राज्याने कायद्यातच लिहून टाकले की, वाईट हेतूचे अन्य काही लक्षण नसेल तर केवळ बंदूक बाळगणे हा शांतताभंग नव्हे.

दुसरी तऱ्हा, जवळ जाऊन बोला. इथे पोलीस अडवत नाही, हटकतो. ‘नमस्कार, आम्हाला फोन आला होता, सगळे ठीक आहे ना?’ अशा सुराने सुरुवात होते. समोरच्याला उत्तर न देता निघून जाण्याची मोकळीक असते. शिपाई हात कुठे आहेत ते पाहतो, पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे की हातात, माणूस झोकांड्या खातो आहे का, कुणाच्या मागे लागला आहे का, याचा अंदाज घेतो. हक्काची चाचणी घ्यायला मुद्दाम कॅमेरा चालू करून बाहेर पडणारेही आहेत. त्यांच्यापुढे हाच मार्ग टिकतो, कारण चिथावणीला चिथावणीने उत्तर दिले की खटला पोलीसच हरतात.

तिसरी तऱ्हा, लांबून पाहा आणि सोडून द्या. बंदुका सर्रास दिसतात अशा ग्रामीण भागात ही सवयच असते. शहरात मात्र ही तऱ्हा कधी समजुतीने येते, कधी खटल्याच्या भीतीने.

टेक्सासमध्ये या तिन्हींमधली ओढाताण विधिमंडळातच झाली. 1 जानेवारी 2016 पासून तिथे परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगता येऊ लागले. कायदा होत असताना एक दुरुस्ती सुचवली गेली होती की, केवळ पिस्तूल दिसले म्हणून पोलिसाने परवाना विचारू नये. उजव्या आणि डाव्या, दोन्ही बाजूंच्या आमदारांनी ती उचलून धरली होती. डाव्यांना वर्णभेदी अडवणुकीची काळजी, उजव्यांना बंदुकीच्या हक्काची. पोलीस संघटनांनी विरोध केला आणि अंतिम मसुद्यातून ती गळाली. पाच वर्षांनी, 1 सप्टेंबर 2021 पासून, परवान्याची अटच गेली. ज्या कागदावरून भांडण झाले, तोच बिनकामाचा ठरला.

फोनच्या पलीकडचा आवाज

पोलीस समोर येण्याआधी एक माणूस निर्णय घेतो, त्याच्याकडे मात्र फार कमी लक्ष जाते. तो म्हणजे 911 चा फोन घेणारा. आपल्याकडच्या 112 सारखाच हा क्रमांक. ‘एक माणूस बंदूक घेऊन उभा आहे’ हे वाक्य त्याच्या कानावर पडते आणि पुढच्या मिनिटभरात तो काय विचारतो, काय लिहितो, गाडीला काय सांगतो, यावर पुष्कळ काही ठरते.

ऑगस्ट 2014 मध्ये ओहायोच्या बीव्हरक्रीक गावात वॉलमार्टच्या दुकानात जॉन क्रॉफर्ड हा 22 वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण फोनवर बोलत फिरत होता. त्याच्या हातात दुकानाच्याच फळीवरची छऱ्याची बंदूक होती. एका ग्राहकाने 911 ला कळवले की तो लोकांवर बंदूक रोखतो आहे. दुकानातल्या चित्रफितीत तसे दिसत नव्हते. आलेल्या पोलिसांनी काही क्षणांत गोळी झाडून त्याला ठार केले. ओहायोत खरी रायफल खांद्याला लावून दुकानात जाणेही कायद्याने गुन्हा नव्हता. ग्रँड ज्युरीने अधिकाऱ्यांवर खटला भरण्यास नकार दिला.

तीन महिन्यांनी त्याच राज्यात, क्लीव्हलंडमध्ये, 12 वर्षांचा तामिर राइस खेळण्यातली बंदूक घेऊन बागेत होता. फोन करणाऱ्याने बंदूक बहुधा खोटी आहे आणि मुलगा लहान असावा, असे सांगितले होते. गाडीतल्या पोलिसांपर्यंत ते शब्द पोहोचलेच नाहीत. गाडी थांबल्यानंतर दोन सेकंदांच्या आत पोलिसाच्या गोळीने तो कोसळला.

उलट बाजूही तितकीच विदारक आहे. 31 ऑक्टोबर 2015 ला कोलोराडो स्प्रिंग्ज शहरात एका बाईंनी शेजारच्या इमारतीत रायफल घेऊन जाणारा माणूस पाहिला आणि फोन केला. राज्यात उघड बंदूक बाळगता येते, हे त्यांना पलीकडून समजावण्यात आले. थोड्याच वेळात त्या माणसाने रस्त्यावर तिघांना ठार केले.

या तिन्ही घटनांतून नियंत्रण कक्षाचे काम किती अवघड आहे ते कळते. कायदेशीर बंदूकधारी आणि पाच मिनिटांनी खून करणारा बंदूकधारी दुरून एकसारखेच दिसतात. फरक शोधायचा तर फोन घेणाऱ्याने विचारायला हवे की बंदूक कुठे आहे, हातात की होल्स्टरमध्ये? ती कुणाच्या दिशेने रोखली आहे का? माणूस काय करतो आहे? आणि मिळालेले प्रत्येक उत्तर, विशेषतः ‘खेळणे असावे’ असे निवळणारे उत्तर, जसेच्या तसे गाडीपर्यंत गेले पाहिजे.

गर्दीत शेकडो बंदुका

एकट्या माणसापुढे पोलिसाला निदान विचार करायला जागा असते. मोर्च्यात तीही राहत नाही.

7 जुलै 2016 ला डॅलसमध्ये पोलिसी हिंसेविरुद्धच्या शांत मोर्च्यावर एका बंदूकधाऱ्याने गोळ्या झाडून पाच पोलीस अधिकाऱ्यांना मारले. मोर्च्यात वीस-तीस जण रायफली घेऊन चालत होते. गोळीबार सुरू होताच तेही पळू लागले. त्यातल्या एका निरपराध तरुणाचे छायाचित्र पोलिसांनी संशयित म्हणून समाजमाध्यमांवर टाकले. त्याने स्वतः पोलिसांकडे जाऊन बंदूक सोपवली, म्हणून तो वाचला. पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राऊन यांनी नंतर सांगितले की, गोळ्या सुटू लागल्यावर कोण चांगला आणि कोण वाईट हे ओळखणे त्यांच्या माणसांना अशक्य होते. अकरा दिवसांनी क्लीव्हलंडमध्ये रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरणार होते. तिथल्या पोलीस संघटनेच्या अध्यक्षांनी राज्यपाल जॉन केसिक यांना विनंती केली की तेवढे दिवस उघड बंदूक बंद करा. कायदा स्थगित करण्याचा अधिकार मला नाही, असे उत्तर आले.

ऑगस्ट 2017 मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिलमध्ये वंशवाद्यांचा मेळावा झाला, तेव्हा रायफली आणि लष्करी वेश घातलेल्या खासगी टोळ्या रस्त्यावर होत्या. शहराने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने पोलिसांवर कडक ठपका ठेवला. हाणामाऱ्या होत असताना पोलीस मागे उभे राहिले, शहराचे आणि राज्याचे पोलीस वेगवेगळ्या रेडिओ वाहिन्यांवर बोलत होते. मात्र याच शहराने एक नवा मार्गही शोधला. एकट्या नागरिकाची बंदूक कायदेशीर असली, तरी हुकमाखाली चालणारी खासगी फौज कायदेशीर नसते, या आधारावर शहराने आणि जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या कायदेतज्ज्ञांनी दावा लावला. 2018 मध्ये अनेक गटांनी शहरात पुन्हा सशस्त्र फौज म्हणून न येण्याचे न्यायालयापुढे मान्य केले.

जानेवारी 2020 मध्ये त्याच राज्याच्या राजधानीने, रिचमंडने, तयारीचे फळ दाखवले. बंदूकहक्काच्या मेळाव्याला सुमारे 22 हजार माणसे आली. राज्यपाल राल्फ नॉर्दम यांनी विधान भवनाच्या आवारात शस्त्रबंदी केली आणि प्रवेशावर तपासणी ठेवली. बाहेर हजारो सशस्त्र लोक होते, पोलीस शांत उभे होते. दिवस गोळी न सुटता पार पडला. सीमारेषा आधी ठरली, जाहीर झाली आणि सर्वांना सारखी लागू झाली.

सहा महिन्यांनी, जुलै 2020 मध्ये, केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये शेकडो सशस्त्र कृष्णवर्णीय आणि समोर सशस्त्र उजवे गट आले. पोलीस मध्ये उभे राहिले. एका बंदुकीतून चुकून गोळ्या सुटून तिघे जखमी झाले, पण दोन्ही बाजू भिडल्या नाहीत. महिन्याभराने विस्कॉन्सिनच्या केनोशा शहरात चित्र पालटले. संचारबंदी लागू असताना पोलिसांनी चिलखती गाडीतून सशस्त्र नागरिकांना पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि त्यांचे आभार मानले. त्यातल्या 17 वर्षांच्या मुलाने थोड्या वेळाने दोघांना ठार केले आणि तिसऱ्याला जखमी केले. गळ्यात रायफल आणि हात वर, असा तो पोलिसांच्या गाड्यांपाशी आला, आणि गाड्या त्याच्या बाजूने पुढे निघून गेल्या. स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर ज्युरीने 2021 मध्ये त्याला निर्दोष सोडले. खटल्याचा तो निकाल वेगळा विषय आहे. त्या रात्री पोलिसांनी कोणाला पाणी दिले आणि कोणाला संशयाने पाहिले, हा प्रश्न मात्र उरतोच.

ज्याचा चेहरा ओळखीचा, त्याची बंदूक निरुपद्रवी

माझ्या मते या सगळ्या आढाव्याचे सार इथे आहे. कायद्याने पोलिसाला सांगितले की केवळ बंदुकीवरून संशय घेऊ नकोस, बाकीचे सगळे पाहा. ‘बाकीचे सगळे’ म्हणजे काय, हे मात्र कुणी नीट सांगितले नाही. ती मोकळी जागा भरून निघते ती पोलिसाच्या मनात आधीपासून असलेल्या चित्राने. कोणता माणूस शिकारी वाटतो, कोणता टोळीवाला. कोणती वस्ती ‘चांगली’ आणि कोणती ‘तसली’.

2016 साली मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टील यांची गाडी थांबवली गेली. ते शाळेच्या उपाहारगृहात काम करत. पिस्तूल लपवलेले होते, पण परवाना होता, आणि त्यांनी आपण होऊन, शांतपणे अधिकाऱ्याला सांगितले की माझ्याकडे शस्त्र आहे. काही सेकंदांत त्या अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. शेजारी मैत्रीण होती, मागच्या आसनावर तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी अधिकारी निर्दोष सुटला. ज्याने नियम पाळून शस्त्र उघड केले, त्याचाच जीव गेला.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पोलिसाची भीती खरी असते. बंदुकांनी भरलेल्या देशात तो रोज अनोळखी गाड्यांपाशी जातो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी विनापरवाना बंदुकीचे कायदे आणि पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडणारे लोक यांचा अभ्यास केला, तेव्हा असे कायदे आलेल्या राज्यांत या घटना वाढल्याचे त्यांना आढळले. एकाच्या मागोमाग दुसरे झाले म्हणजे तेच कारण, असे म्हणता येत नाही. पण तर्क समजण्यासारखा आहे. प्रत्येकाकडे शस्त्र असू शकते हे गृहीत धरले की पोलिसाचे बोट घोड्याच्या जवळ जाते. विधिमंडळे हक्क वाढवत गेली आणि त्याची जोखीम तपासायचे काम शिपायावर टाकून मोकळी झाली.

फ्लोरिडात याचा ताजा अनुभव आला. तिथे 1987 पासून उघड बंदुकीवर बंदी होती. 10 सप्टेंबर 2025 ला राज्याच्या एका अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि काही दिवसांत महाधिवक्त्यांनी पोलिसांना कळवले की यापुढे या कलमाखाली अटक करू नका. अडतीस वर्षे जे पाहताच बेड्या काढायची सवय होती, ते एका आठवड्यात मान्य झाले. शेरीफ कार्यालयांना घाईघाईने आपल्या माणसांसाठी सूचना काढाव्या लागल्या. कायदा एका दिवसात बदलतो. शिपायाच्या हाताला लागलेले वळण तेवढ्यात बदलत नाही.

आपला यात संबंध

भारतात चित्र उलटे आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने बंदूक ही परवान्याने मिळणारी सवलत आहे, मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांत तो परवाना पोलीस आयुक्तच देतात, आणि 2016 च्या नियमांनुसार ती सार्वजनिक ठिकाणी झाकूनच न्यावी लागते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणे 2019 च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरले. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई हुकूम निघाला की शस्त्र घेऊन बाहेर पडणेच बंद. इथल्या पोलिसाला रस्त्यावर बंदूक दिसली तर संशय हीच सुरुवात असते.

याच सवयीत वाढलेली आपली हजारो मुले टेक्सास, ओहायो, जॉर्जियात शिकतात, नोकरी करतात, संसार थाटतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या आई-वडिलांना किराणा दुकानाच्या दारावर ‘30.07’ असा आकडा लिहिलेली पाटी दिसते. टेक्सासच्या दंडविधानातले ते कलम आहे, आणि पाटीचा अर्थ, या दुकानात उघड पिस्तूल घेऊन येऊ नका. ती पाटी नसलेल्या दुकानात पुढचा ग्राहक कमरेला पिस्तूल लावून भाजी निवडत असू शकतो. घाबरून 911 फिरवण्याआधी तो काय करतो आहे हे पाहावे, आणि फिरवलाच तर जे डोळ्यांनी दिसले तेवढेच सांगावे. बीव्हरक्रीकच्या दुकानात एका फोनमधल्या अतिशयोक्तीने काय झाले, ते विसरता येत नाही.

काय करता येईल

चांगल्या उदाहरणांतून काही गोष्टी स्पष्ट दिसतात. फोन घेणाऱ्यासाठी ठरलेले प्रश्न हवेत आणि त्यांची उत्तरे गाडीपर्यंत पोहोचवण्याचा नियम हवा. पोलिसासाठी लेखी सूचना हवी की होल्स्टरमधले शस्त्र हे एकटे कारण नव्हे, आणि कोणती कृती कारण ठरते. दुरून, आडोशाने, वेळ घेऊन बोलण्याचा सराव हवा. राइस आणि क्रॉफर्ड दोघांच्याही बाबतीत कमी पडले ते अंतर आणि वेळ. मोर्च्यांसाठी जागा आणि सीमा आधी जाहीर हव्यात. आणि प्रत्येक थांबवणुकीची नोंद हवी, कुणाला, कुठे, कशावरून, म्हणजे कोणत्या चेहऱ्यांना बेड्या पडतात आणि कोणाला पाण्याची बाटली मिळते, हे आकड्यांत दिसेल.

एवढ्याने बंदुका कमी होणार नाहीत. 39 कोटी बंदुकांच्या देशात पोलीस चूक करणार नाही, असेही कुणी म्हणू नये. पण हक्क दिला असेल तर तो बजावण्याची किंमत सर्वांना सारखी असली पाहिजे. टोलेडोच्या गृहस्थांना अर्धा तास बेड्या पडल्या आणि पाच वर्षांनी न्याय मिळाला. तो न्याय मागायला ते जिवंत होते. फाल्कन हाइट्सच्या त्या गाडीत कॅस्टील यांना तेवढीही सवड मिळाली नाही. या दोन गाड्यांमधले अंतर ज्या दिवशी मिटेल, त्या दिवशीच उघड बंदूक हा खऱ्या अर्थाने सर्वांचा हक्क आहे असे म्हणता येईल. तोवर तो हक्क कायद्याच्या पुस्तकापेक्षा समोरच्या पोलिसाच्या नजरेवर अवलंबून राहील.